सांडू गव्हाणे ठार

१

सकाळच्या बातम्या चालू होत्या. पडद्याच्या तळाला लाल पट्टी सरकली आणि सोयगावात भागूबाई गव्हाणेच्या हातातली चहाची बशी खाली पडली.

‘मुले पळवणार्या टोळीचा हल्ला, सोयगावचे वार्ताहर सांडू गव्हाणे ठार.’

सांडू तिचा नवरा. आदल्या दिवशी दुपारी ‘ऑफिसच्या कामाला चाललो’ म्हणून मोटारसायकल काढून गेला होता. तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तोवर शेजारच्या बाया धावत आल्या होत्या. त्यातल्या एकीनं रडत रडतच भागूबाईच्या हातातल्या बांगड्या भिंतीवर आपटून फोडल्या.

पुरुष मात्र तिच्या घरी आले नाहीत. ते बाजारतळाकडं गेले. तिथं जडीबुटी विकणारं एक फिरस्तं कुटुंब पाल ठोकून राहिलं होतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि दोन लेकरं. महिनाभर टीव्हीवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या पाहून गाव आधीच धसकलेलं होतं. म्हातारीचा मुलगा हात जोडेपर्यंत त्याच्या डोक्यात काठी बसली. दोन हवालदारांनी कसंबसं त्या पाचही जणांना सरकीच्या गोदामात ढकललं आणि बाहेरून दार लावून दारापुढं उभे राहिले. गर्दी हटली नाही. उलट आजूबाजूच्या खेड्यांतून भरून येणारे टेम्पो वाढत गेले.

त्याच वेळी औरंगाबादेत, शहागंजातल्या आपल्या माडीवर, मनकर्णाबाई तुपे फोन कानाला लावून उभ्या होत्या. पोलीस खात्यात हवालदारापासून फौजदारापर्यंत चढून त्या निवृत्त झाल्या होत्या. फोनवर होते नानासाहेब औताडे, जिनिंग कारखान्याचे आणि ‘सातमाळा न्यूज’ या वाहिनीचे मालक.

“बाई, आमच्या वार्ताहराला, सांडूला मारल्याची बातमी आमच्याच चॅनेलवर लागली. ती कुणी लावली ते कुणी कबूल करीना.”

“आणि पोलीस काय म्हणतात?”

नानासाहेबांचा आवाज खाली आला.

“पोलीस म्हणतात, बातमी हाय, पर मयत कुठंच नाय.”

२

‘सातमाळा न्यूज’चं ऑफिस पूर्वी शहागंजातच होतं, कापडाच्या दुकानांच्या वर. तेव्हा ही वाहिनी धरणाचं पाणी, कापसाचा भाव आणि जत्रांच्या तारखा सांगायची. लोक जेवता जेवता बघायचे. मग वर्षापूर्वी नानासाहेबांनी दिल्लीहून श्रीनिवास चौसाळकरांना बातमी विभागाचे प्रमुख म्हणून आणलं. चौसाळकर मूळचे इथलेच, खडकेश्वराजवळ वाढलेले. त्यांनी आधी ऑफिस जालना रोडवरच्या काचेच्या इमारतीत हलवलं. मग पाण्याची बातमी शेवटी ढकलली, मग काढूनच टाकली. पडदा लाल झाला. बातमीच्या मागं नगारा वाजू लागला. ‘मुलं सांभाळा’ नावाचा कार्यक्रम रोज संध्याकाळी सुरू झाला. कुणा वार्ताहरानं ‘साहेब, खात्री करून घेऊ’ असं म्हटलं की चौसाळकर रागवायचे नाहीत. हसायचे. आणि आठवड्याभरात तो माणूस कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टेबलावर, बिनकामाचा बसलेला दिसायचा.

मनकर्णाबाई आत शिरल्या तेव्हा इतकी माणसं बसलेल्या त्या दालनात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. समोरच्या भिंतीवर एकच वाक्य मोठ्या छापील अक्षरांत लावलेलं होतं.

‘पाहणार्याला घाबरू द्या, तो चॅनेल बदलणार नाही.’

बाई ते वाचत क्षणभर थांबल्या.

“आवडलं?” मागून मऊ आवाज आला. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, चेहऱ्यावर थकवा नाही. “मी श्रीनिवास. बसा ना. चहा सांगतो.”

“चहा राहू द्या. ती पट्टी आधी काढा.”

“का काढू?”

“सोयगावात पाच जीव कोंडलेत साहेब. त्यात दोन लेकरं हायेत.”

“ते कुटुंब टोळीतलं नाही हे तुम्हाला माहीत आहे?” चौसाळकर शांतपणे म्हणाले. “मलाही माहीत नाही. बातमी खोटी ठरेपर्यंत मी ती मागं घेत नाही. आणि बातमी आमच्या सर्वांत भरवशाच्या माणसाच्या नावानं आलेली आहे.”

त्यांनी काचेपलीकडं बोट दाखवलं. एका टेबलाशी पन्नाशीचा, जाड भिंगांचा एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

“बद्रीनाथ म्हस्के. आमचे जुने संपादक. पट्टी त्यांच्या नावानं मशीनमध्ये गेलीय. पुढच्या महिन्यात मी त्यांना घरी पाठवणार होतो, हे त्यांना कळलं होतं. मला बदनाम करायला माणूस काय काय करतो, बघा.”

बद्रीनाथनं मान वर केली. त्याचे ओठ हलत होते. काचेमुळं आवाज ऐकू येत नव्हता, पण तो काय म्हणतोय ते बाईंना कळलं.

“मी नाय केलं. मी नाय केलं.”

३

मनकर्णाबाईंनी एक रिकामी खोली मागून घेतली. पट्टी लिहिण्याची मुभा चौघांनाच होती. प्रत्येकाला त्यांनी एकेकटं बोलावलं.

पहिला बद्रीनाथ आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

“बाई, मी पैठणचा माणूस. वर्तमानपत्रात उमर गेली. मयताची बातमी मी घरच्यांना विचारल्याबिगर कधी लावली नाय. साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांचे पासवर्ड मागून घेतले, शिस्त म्हणून. तवापासून माझ्या नावानं कोण काय करतं, मला काय ठावं?”

“पट्टी दिसल्यावर पहिला फोन कुणाला केला?”

“सांडूला. बंद लागला. मग भागूबाईला.” त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. “ती मलाच विचारत होती हो, भाऊ, मयत कुठं ठेवलंय म्हणून.”

दुसरी आली प्रमोदिनी, बातम्या वाचणारी. तिशीची, चेहऱ्यावर रंग तसाच. सकाळी पट्टी सरकली तेव्हा ती पडद्यावरच होती.

“पट्टी माझ्या पोटाखालून गेली आणि मला दिसलीच नाही,” ती म्हणाली. “जाहिरात लागल्यावर कुणीतरी सांगितलं. मी तिथंच सांडूदादांना फोन लावला. मग परत कॅमेरा सुरू झाला आणि कानात साहेबांचा आवाज आला, ‘डोळे पुसू नका. तसंच वाचा.’”

“तू तसंच वाचलंस?”

“वाचलं.” तिनं खाली पाहिलं. “मी त्यांना घाबरते. इथं सगळेच घाबरतात. तुम्हाला ते ओरडलेले कधी दिसणार नाहीत, म्हणून तर जास्त.”

तिसरे अनंतराव, यंत्रं सांभाळणारे. पट्टी हवेत सोडायचं बटण त्यांच्यापुढं.

“मी सोडली,” ते सरळ म्हणाले. “बद्रीनाथचं नाव दिसलं की आम्ही वाचतही नाही, सोडून देतो. इतक्या वर्षांत त्याची एक बातमी चुकलेली नाही. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी विचारलं असतं.”

“मग पहिला फोन?”

“सांडूलाच. दुसऱ्या कुणाला करणार?”

“आता सोयगावला तुमची लाइव्हची गाडी गेली असंल.”

अनंतराव चुळबुळले. दाराकडं पाहिलं.

“नाही. ती वेरूळला उभी आहे. पहाटेच गेली. साहेब म्हणाले, संध्याकाळी तिथूनच लाइव्ह जायचंय.”

बाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. सोयगावचा रस्ता सिल्लोडवरून जातो. वेरूळ त्या रस्त्यावर येतच नाही.

चौथे चौसाळकर. त्यांनाही बाईंनी तोच प्रश्न विचारला.

“पहिला फोन? नानासाहेबांना. मग जाहिरात विभागाला. मग पाच मिनिटांत सांडूवरची श्रद्धांजलीची फिल्म लावली, फोटो, संगीत, सगळं. बाकीच्या चॅनेलना दुपारपर्यंत जमलं नाही.” ते किंचित हसले. “काम आहे हे, मनकर्णाबाई. रडायला आम्हाला वेळ नसतो.”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. सोयगावचा हवालदार बोलत होता. त्याच्या मागं मोठा गलका होता.

“मॅडम, तुम्ही आमच्या साहेबांना फोन केला व्हता म्हणून सांगतो. कुमक सिल्लोडला जमावात अडकलीय. आन इथं लोकांनी रॉकेलचे डबे आणलेत.”

४

नानासाहेबांच्या खोलीत सगळे जमले. मनकर्णाबाई बसल्या नाहीत.

“वेळ नाय, म्हणून थोडक्यात सांगते. पट्टी बद्रीनाथच्या नावानं गेली, पर ती त्यांच्या हातची नाय. पट्टीचा फोटो बघा. ‘पळवणार्या’ लिहिलंय, ‘या’च्या डोक्यावर रफार. मी ठाण्यात मराठी टाइपरायटरवर पंचनामे बडवलेत. जुन्या कळपाटावर ‘ऱ्या’साठी वेगळी कळ असते. बद्रीनाथ त्याच कळपाटावर शिकलेत, त्यांच्या हातून ही चूक व्हायची नाय. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणाऱ्याच्या हातून होते. तीच चूक तुमच्या बाहेरच्या भिंतीवर हाय. ‘पाहणार्याला घाबरू द्या.’ ते वाक्य कुणी लिहिलं?”

सगळ्यांच्या नजरा चौसाळकरांकडं वळल्या.

“इंग्रजी अक्षरांनी मीही लिहिते,” प्रमोदिनी हळूच म्हणाली.

“तुझे दोन्ही हात तवा आख्ख्या मराठवाड्याला दिसत होते पोरी.” बाई चौसाळकरांकडं वळल्या. “पासवर्ड तुमच्याकडं होता. आणि नाव बद्रीनाथचंच का घेतलं? कारण ते बघून अनंतराव डोळे मिटून बटण दाबतात. तुमच्या स्वतःच्या नावावर त्यांनी प्रश्न विचारला असता.”

“हा तर्क झाला,” चौसाळकर म्हणाले.

“व्हय. म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट विचारली. सांडू मेला असं कळल्यावर तिघांनी पहिला फोन सांडूलाच केला. मेलेल्या माणसाला! माणूस असंच करतो साहेब. त्याला वाटतं, उचलंल, म्हणंल मी हाय. तुम्ही एकट्यानं केला नाय. सबंध सकाळ केला नाय. कारण तो बंद असणार हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तो जिता हाय हेही ठाऊक होतं. श्रद्धांजलीची फिल्म आधीच तयार. गाडी पहाटेच वेरूळला. संध्याकाळी तिथून काय दाखवणार होता? ‘सांडू गव्हाणे टोळीच्या तावडीतून सुटला’?”

नानासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. “श्रीनिवास, हे खरं हाय?”

चौसाळकरांनी रुमालानं हात पुसले. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

“तो वेरूळला लॉजवर आहे. मी त्याला सांगितलंय, टोळीचा माणूस भेटायला येणार आहे, फोन बंद ठेव, खोलीबाहेर येऊ नकोस. त्याला बाकी काही माहीत नाही. मी कुणाला मारलंय? सकाळी लोक रडले, संध्याकाळी आनंदानं रडतील. सबंध दिवस एकानंही चॅनेल बदललेला नाही. नानासाहेब, वर्षापूर्वी तुम्ही मला काय म्हणाला होतात? ‘लोक बघतील असं काहीतरी करा.’ फक्त संध्याकाळपर्यंत थांबा.”

आणि सगळ्यांना जास्त भीती वाटली ती पुढच्या क्षणाची. कारण नानासाहेब गप्प राहिले. भिंतीवरच्या पडद्याकडं पाहत, विचार करत गप्प राहिले.

“मालक,” बद्रीनाथ उठून उभा राहिला. वर्षभरात तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. “लेकरं हायेत त्या गोदामात.”

नानासाहेब दचकले. “जा बाई,” ते म्हणाले. “जीप घ्या. पुंजाराम ड्रायव्हरला घ्या. बद्रीनाथ, पट्टी काढ.”

५

वेरूळच्या लॉजवर सांडू बनियनवर बसून भेळ खात होता. मनकर्णाबाईंनी सगळं सांगितल्यावर त्याच्या हातातला कागद गळून पडला.

“मला साहेब म्हणाले, हे काम नाय जमलं तर दुसरा वार्ताहर बघतो. म्हणून आलो. भागू... भागूला काय सांगितलंय?”

लाइव्हची गाडी तिथंच होती. मिनिटभरात तो पडद्यावर उभा राहिला. “मी सांडू गव्हाणे. मी जिता हाय. गोदामातल्या लोकांना हात लावू नका.” मग बाईंच्या फोनवरून त्यानं घरी फोन लावला.

पलीकडून भागूबाईचा आवाज आला, कोरडा.

“कोण तुम्ही? का छळता? सकाळी टीव्हीनंच सांगितलं ते गेले. आता तोच टीव्ही सांगतो आले. लोक म्हणत्यात जुनी फिल्म लावलीय. टोळीनं चॅनेलला पैसं चारलेत.”

“भागू, मी बोलतोय ना!”

“आवाजबी बनवत असतील,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सांडू बाईंकडं पाहत राहिला. सबंध मराठवाड्याला ऐकू जाईल असं यंत्र समोर चालू होतं आणि त्यातून आता काहीही सांगून उपयोग नव्हता.

“बस जीपमध्ये,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “त्यांच्यापुढं जाऊनच उभा राहावं लागंल.”

खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड. पुंजाराम गाडी हाणत होता. वाटेत प्रत्येक गावाच्या चौकात माणसांचे घोळके होते, हातात काठ्या, आणि अनोळखी गाडी दिसली की सगळ्या माना एकदम वळायच्या. एका ठिकाणी दगड येऊन मागच्या काचेवर बसला. बाईंनी नोकरीत दंगली पाहिल्या होत्या, पण तेव्हा अंगावर वर्दी असायची. आज साधं लुगडं होतं.

अजिंठ्याचा घाट उतरल्यावर पुंजाराम म्हणाला, “बाई, धूर दिसतोय.”

६

जळत होतं ते पाल होतं, बाजारतळावरचं. गोदाम अजून उभं होतं. दारापुढं दोन हवालदार, आणि त्यांच्यापुढं सगळा बाजारतळ भरून माणसं.

सांडू जीपमधून उडी मारून गर्दीत घुसला. “मी सांडू! अरे मी सांडू, जिता हाय!”

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. पुढची माणसं सोयगावची नव्हतीच. ती टेम्पोतून आलेली, आजूबाजूच्या खेड्यांतली. त्यांनी सांडूला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“कोन रे हा? गोदामाकडं कशाला पळतो?”

“मयताचं नाव घेतो! टोळीचाच हाय, सोडवायला आलाय!”

कुणीतरी त्याची कॉलर धरली. शर्ट टरकन फाटला. सांडू खाली पडला आणि त्याच्यावर माणसं तुटून पडली. सांडू गव्हाणेच्या मृत्यूचा सूड म्हणून लोक सांडू गव्हाणेलाच मारत होते. मनकर्णाबाई ओरडत होत्या, धक्के देत होत्या, पण त्यांचा आवाज कुठंच पोचत नव्हता. एक कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली.

त्या पडल्या नाहीत. वळल्या आणि वाट काढत बाजारतळामागच्या गल्लीत धावल्या. “गव्हाणेचं घर कंचं?” कुणी दाखवलंही नाही. दारात रडणाऱ्या बायांचा घोळका दिसला तेच घर. आत भिंतीला टेकून भागूबाई बसली होती, मनगटं बांगड्यांच्या काचांनी ओरबाडलेली.

“ऊठ. तुझा नवरा बाजारतळावर हाय. लोक त्याला मारतायत.”

भागूबाईनं नुसतं पाहिलं. “तुम्ही टीव्हीवाल्या का?”

“मी पोलीस होते. टीव्हीवर नको विश्वास ठेवू. माझ्यावरबी नको. डोळ्यानं बघ आन मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

भागूबाई उठली. चालत निघाली, मग धावायला लागली, आणि तिच्यामागं घोळक्यातल्या सगळ्या बाया. गावच्या बायांना बघून गावचे पुरुष बाजूला झाले. तिनं वाकून, मारणाऱ्यांच्या पायांतून आत हात घातला आणि खाली पडलेल्याचं तोंड धरून वर केलं. धूळ, रक्त. तिनं अंगठ्यानं ते पुसलं.

“माझा माणूस हाय,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “सोडा. माझा माणूस हाय.”

“वैनी ओळखती त्याला!” गावातला एकजण ओरडला. “सांडूच हाय! अरे थांबा, सांडूच हाय!”

काठ्या एकेक करून खाली आल्या. पण कुणी घरी गेलं नाही, कुणी माफीही मागितली नाही. लोक तसेच उभे राहिले, दिवसभर ज्याच्यासाठी ओरडले त्याच्याकडं बघायचं टाळत. एकानं रॉकेलचा डबा पायानं हळूच टेम्पोखाली सरकवला.

हवालदारानं गोदामाचं दार उघडलं. आधी दोन लेकरं आली, सुनेच्या पदराला धरून. मग डोक्याला फडकं बांधलेला मुलगा. शेवटी म्हातारी. तिचं नाव सारजाबाई. तिनं जळून गेलेल्या पालाकडं एकदाच पाहिलं आणि जीपमध्ये चढली, कारण मनकर्णाबाईंनी जीपचं दार उघडून धरलं होतं.

गाव मागं पडलं तेव्हा दिवस मावळत होता. फोन वाजला. नानासाहेब होते.

“बाई, देव पावला. श्रीनिवासला पोलिसांनी नेलं. बद्रीनाथला मी प्रमुख केलं.” ते थोडं थांबले. “एक विचारू? जाहिरातवाले म्हणत्यात, आजच्याइतके लोक आपल्या चॅनेलला कधीच नव्हते. तो ‘मुलं सांभाळा’ कार्यक्रम... एकदम बंद करावा का थोडा सौम्य करून ठेवावा? तुमचं मत काय?”

मनकर्णाबाईंनी फोन बंद करून पदरात टाकला.

मागच्या बाकावर लेकरं झोपली होती. सारजाबाई जागी होती, काचेला डोकं लावून. समोर कुठल्यातरी गावाचे दिवे दिसायला लागले, तशी ती सरळ बसली.

“बाई,” तिनं हळूच विचारलं, “म्होरल्या गावात टीव्ही हाय का?”